पाच हजार ल्युमेनचं चांदणं आणि पडद्यावरच्या मुंग्या

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. अधिवेशन चालू होतं, म्हणजे नागपुरात त्या दिवसांत हॉटेलात रूम मिळत नाही, गाडी मिळत नाही अन् भाड्याचा प्रोजेक्टर तर विसराच. माझं सीताबर्डीत प्रोजेक्टर दुरुस्तीचं अन् भाड्यानं देण्याचं काम आहे, तेव्हा गोडाऊनमध्ये एकच मशीन उरलं होतं, पाच हजार ल्युमेनचं (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) सिंगल चिप डीएलपी, म्हणजे एकाच चिपवरच्या बारीक आरशांनी चित्र पाडणारं, एक्सजीए म्हणजे १०२४ बाय ७६८ ठिपके, वय झालेलं पण लॅम्प नवा टाकलेला. ते एका हौशी नाटकवाल्या ग्रुपला दिलं, त्यांची राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आठ दिवसांवर आली होती.

दुसऱ्याच दिवशी रात्री साडेदहाला दिग्दर्शक ताईंचा फोन. "भाऊ, तुमच्या प्रोजेक्टरमधून मुंग्या निघून राहिल्या."

मला खरंच वाटलं की मशीनमध्ये मुंग्या शिरल्या, कारण एकदा एका लग्नाच्या हॉलवरून परत आलेल्या मशीनच्या जाळीतून मी पाल काढलेली आहे. पण ताई म्हणाल्या, "मशीनमध्ये नाही हो, पडद्यावर. अंधाराच्या सीनमध्ये सगळं वळवळून राहिलं."

सकाळी तर्री पोहे खाऊन तालमीच्या हॉलवर गेलो. सीन असा होता, जंगलातली रात्र, स्टेजवर पूर्ण काळोख, मग मागच्या १८ फुटी पडद्यावर ४५ सेकंदांत हळूहळू चांदणं पसरतं आणि ते पूर्ण पसरल्यावर एक म्हातारी बोलायला लागते. अख्ख्या नाटकाचा जीव त्या ४५ सेकंदांत. आणि तिथेच सगळा बोऱ्या वाजत होता. चांदणं पसरत नव्हतं, पायरी पायरीनं उड्या मारत येत होतं. आभाळाच्या गडद भागात बारीक ठिपके सळसळत होते, त्याच ताईंच्या मुंग्या. काळोख म्हणून जो होता त्यातही पडद्यावर राखाडी चौकोन स्पष्ट दिसत होता. आणि ग्रुपमधल्या एकानं मोबाईलवर शूटिंग केलं होतं त्यात लाल हिरवे निळे पट्टे वरून खाली सरकत होते. चार तक्रारी, आणि सगळ्यांचं एकच निदान, मशीन खराब आहे, बदलून द्या. एका दुसऱ्या भाडेवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की सात हजार ल्युमेनचं घ्या, अंधारातलं पण क्लिअर दिसेल. हे वाक्य लक्षात ठेवा.

मशीन खराब नव्हतं. पण मशीन जसं आहे तसं का आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून त्या लोकांना जे सांगितलं तेच इथं सांगतो.

लहानपणी आपण सगळ्यांनी आरशानं उन्हाचा कवडसा भिंतीवर पाडलाय. आरसा जरा वाकडा केला की कवडसा भिंतीवर, उलटा वाकवला की गायब. या मशीनमधली डीएमडी चिप म्हणजे हेच, फक्त आरसे आठ लाखांच्या आसपास. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक मेलेली चिप पडलेली असते, ती काढून नेली होती. काचेच्या खिडकीखाली अंगठ्याच्या नखाएवढा चकचकीत तुकडा, ०.५५ इंच कर्णाचा, त्यात ७,८६,४३२ आरसे, एकेकाची रुंदी १०.८ मायक्रॉन. केसाच्या जाडीत असे पाच सहा बसतील. प्रत्येक आरशाखाली मेमरीचा एक कप्पा, त्यात १ असेल तर आरसा १२ अंश एका बाजूला कलतो आणि उजेड लेन्समध्ये जातो, ० असेल तर १२ अंश दुसऱ्या बाजूला आणि उजेड आतल्या काळ्या भिंतीवर जाऊन वाया जातो. लॅरी हॉर्नबेक नावाच्या माणसानं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये १९८७ साली हे दोनच स्थितीवालं रूप काढलं. त्याच्या आधी दहा वर्षं तो आरसा थोडा थोडा वाकवून उजेड कमी जास्त करायच्या मागे होता, ते काही नीट जमलं नाही, तेव्हा त्यानं मधलं सगळं सोडूनच दिलं. पुढे सिनेमाच्या प्रोजेक्शनमधल्या वापरासाठी २०१५ मध्ये त्याला ऑस्कर पण मिळालं.

आता नाटकाचे लाइटवाले काका होते तिथं, चाळीस वर्षं डिमर फिरवलेला माणूस. त्यांनी बरोब्बर विचारलं, "आरसा इकडं नाहीतं तिकडं. मंग मधला उजेड कुठून येते?"

मधला उजेड येतच नाही काका. हा डिमर नाही, हे बटण आहे. बटण इतक्या जोरात चालू बंद होतं की डोळ्याला त्याची सरासरी दिसते. अर्धा वेळ चालू असेल तर अर्धा उजेड दिसतो. डीएमडीवर ब्राइटनेस म्हणजे वेळ. हे एक वाक्य डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुटतं, आणि नाही बसलं की माणूस ल्युमेन वाढवत बसतो.

तो वेळ किती हे बघू. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंद. सिंगल चिपमध्ये फिरत्या कलर व्हीलमधून (रंगीत काचांची चकती) लाल, हिरवा, निळा आळीपाळीनं येतो, व्हीलवरचा पांढरा तुकडा सध्या सोडा, तरी एका रंगाच्या वाट्याला ५.५६ मिलिसेकंद. त्यात २५५ पायऱ्या पाडायच्या तर एक पायरी सुमारे २२ मायक्रोसेकंदांची. पायऱ्या एकेक मोजत नाहीत, भाजीवाल्याच्या वजनांसारखं करतात. १, २, ४, ८ असं १२८ पर्यंतची आठ वजनं ठेवली की शून्यापासून २५५ पर्यंत काहीही तोलता येतं. १२८ चं वजन पण एकदम ठेवत नाहीत, तुकडे करून वेळेत पसरवतात, कारण १२७ वरून १२८ वर जाताना आठही वजनं एकदम बदलतात आणि नजर हलली की तिथे खोटी रेघ चमकते.

घोळ सगळ्यात हलक्या वजनाशी आहे. आरसा पलटून, थरथरून स्थिर व्हायलाच १५ ते २० मायक्रोसेकंद घेतो, वरून सगळ्या कप्प्यांत नवीन आकडे भरायला वेळ लागतो तो वेगळा. म्हणजे १ चं वजन काट्याच्या हेलकाव्याएवढंच झालं. त्याहून हलकं तोलायचंच कसं?

आणि अंधाराला नेमकं हलकंच लागतं. कारण लॅपटॉपमधून येणारे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, गॅमा २.२ च्या हिशोबानं दाबलेले असतात, म्हणजे आकड्याचा २.२ वा घात केला की खरा उजेड मिळतो. जुन्या काचेच्या टीव्हीची ट्यूब हा दाब स्वतःच सोडवायची. आरसा नाही सोडवत, त्याला वेळ फक्त सरळ मोजता येतो, म्हणून प्रोजेक्टरला आधी उलट हिशोब करावा लागतो. त्या हिशोबात लॅपटॉपचा १० म्हणजे पूर्ण उजेडाचा साधारण १२५० वा भाग. आपल्याकडे सगळ्यात लहान पायरी २५५ वा भाग. साध्या गोळाबेरजेनं बघितलं तर १५ च्या खालचं सगळं शून्यच होतं.

मग प्रोजेक्टर काय करतो, उधारीवर चालवतो. पाव पायरी हवी असेल तर चार शेजारी आरशांपैकी एकालाच ती पायरी देतो, पुढच्या फ्रेमला दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. लांबून सरासरी बरोबर दिसते. जवळून त्या मुंग्या दिसतात. आमचा पडदा १८ फूट म्हणजे ५४८६ मिलिमीटर, भागिले १०२४, एक पिक्सेल सव्वापाच मिलिमीटरच्या वर. मुंगी पण एवढीच असते की. पहिली रांग पडद्यापासून दहा बारा फुटांवर. ताई चूक बोलत नव्हत्या, उलट इतकं नेमकं वर्णन मला आजवर कोणत्या कस्टमरनं दिलेलं नाही.

आता तपासणी. अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यांचाच व्हिडिओ लावून सेटिंग फिरवत बसणं, कारण मग दोष फाइलचा का केबलचा का चिपचा हे कधीच कळत नाही. मी साधं एक चित्र बनवून नेलं होतं, काळ्यावर अकरा चौकोन, ०, ४, ८, १२ असं ४० पर्यंत, कसलंही कॉम्प्रेशन नाही. हॉलचे दिवे बंद केले, दारांना चादरी लावल्या, पाच मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दिली (हे पाच मिनिटं कोणी थांबत नाही, सगळे मोबाईल काढतात आणि पुन्हा डोळे फुकट जातात).

० पासून १६ पर्यंतचे पाचही चौकोन एकच काळे. हे जरा जास्तच होतं, कारण उधारीच्या जोरावर १२ अन् १६ तरी दिसायला पाहिजे होते. मेनूत बघितलं तर एचडीएमआयची रेंज (काळा कोणत्या आकड्यापासून धरायचा ते) ऑटोवर, आणि मशीन लॅपटॉपला टीव्हीवाला समजून १६ च्या खालचं सगळं कापत होतं. ते फुल केलं, ८ पासूनचे चौकोन वर आले, मुंग्यांसकट.

मग त्यांची फाइल बघितली. ती फोनवरून फोनवर पाठवलेली, वाटेत दोनदा दाबली गेलेली, आभाळात ठोकळेच ठोकळे. मूळ फाइल मागवली. ठोकळे गेले, पायऱ्या राहिल्या.

मग लॅम्पचा डायनॅमिक मोड. यात सीन काळा झाला की मशीन लॅम्प मंद करतं, उजळला की वाढवतं. सिनेमा बघायला ठीक आहे, पण आमचं चांदणं साधारण विसाव्या सेकंदाला आलं की मशीनला वाटायचं आता सकाळ झाली आणि लॅम्प उचल खायचा, प्रेक्षकाला धक्का बसल्यासारखं. बंद केला. आणि पिक्चर मोड प्रेझेंटेशनवर होता, त्यात व्हीलचा पांढरा तुकडा जोरात वापरतात, एक्सेलचा तक्ता झकास दिसतो पण चंद्राभोवतीचं खळं पिवळट हिरवं येत होतं. पांढरा शून्यावर आणला. एकूण उजेड चांगलाच पडला, आणि प्रॉडक्शन मॅनेजरचा चेहरा पण.

एवढं करून दोन तक्रारी अर्ध्या झाल्या. पण पायऱ्या होत्याच. कारण हिशोब बघा ना, त्यांच्या व्हिडिओत आभाळ जास्तीत जास्त ४० पर्यंत जात होतं. ४० म्हणजे सरळ उजेडात १.७ टक्के. २५५ पायऱ्यांच्या १.७ टक्के म्हणजे चार सव्वाचार पायऱ्या. ४५ सेकंदांचं अख्खं चांदणं चार पायऱ्यांत! दहा दहा सेकंदांनी एक उडी, मधल्या जागा मुंग्यांनी भरलेल्या. यात कोणतंही सेटिंग फिरवून काही होणार नव्हतं. अन् सात हजाराचं मशीन आणलं असतं तर प्रत्येक पायरी अजून उंच झाली असती आणि मुंग्या अजून ठळक.

राखाडी चौकोनाचंही तेच. पाच हजार ल्युमेन १८ बाय साडेतेरा फुटांवर म्हणजे कागदावरच्या आकड्यानं सव्वादोनशे लक्सच्या जवळ (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन), मशीनचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या अन् काळ्याचं प्रमाण, २०००:१ लिहिलेला, म्हणजे ‘काळा’ ०.११ लक्स. पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर पाव लक्सच्या आसपास असतं. म्हणजे ब्लॅकआउटमध्ये आमच्या पडद्यावर जवळपास अर्धी पौर्णिमा आधीच पडलेली होती! आरशांच्या कडांवरून अन् फटींमधून जो उजेड इकडेतिकडे उडतो तो हा.

ताई म्हणाल्या, "मंग एलसीडीवाला प्रोजेक्टर आणा ना." बरोबर होतं, एलसीडीत पिक्सेल खरोखर अर्धवट उघडतो, मुंग्या नसत्या. पण माझ्याकडचे सगळे बाहेर होते, आणि त्या भावात जे मिळतात त्यांचा काळा बहुतेक याच्याहून फिका.

काकांनाच विचारलं, तुमच्या पेटीत न्यूट्रल डेन्सिटीची जेल, म्हणजे रंग न बदलता नुसता उजेड कमी करणारी शीट, आहे का, ०.९ वाली. काकांच्या पेटीत काय नसतं. ०.९ म्हणजे आठातला एक भागच उजेड पार होतो. ती लेन्ससमोर धरली आणि माझं चौकोनांचं चित्र पुन्हा लावलं. पडदा एकदम बुडाला. सगळे ओरडले, अहो हे काय, आधीच उजेड कमी!

डोक्यात होतं ते असं. पायऱ्या २५५ च आहेत, त्या वाढत नाहीत. आपण त्यातल्या खालच्या चारच वापरतोय आणि वरच्या अडीचशे रिकाम्या पडल्यात. मग जिना अख्खाच खाली उतरवा, प्रत्येक पायरीची उंची आठव्या भागाची करा आणि व्हिडिओ आठपट उजळ करून वरच्या पायऱ्या वापरायला लावा. पडद्यावर चांदणं तेवढंच दिसेल. सरळ उजेडात आठपट म्हणजे आकड्यात २.५७ पट. ४० चं आभाळ १०३ वर गेलं, चंद्र ९० वर होता तो २३१ वर, २५५ च्या आत बसला हे नशीब. चार पायऱ्यांच्या पस्तीस झाल्या. काळा पण आठव्या भागाचा, ०.११ चा ०.०१४ लक्स. हे काही माझं डोकं नाही, काही मशीनच्या कलर व्हीलवर मुद्दाम एक काळसर तुकडा असतो, हलकी वजनं त्या मंद उजेडात तोलतात म्हणजे आरशाला जास्त वेळ मिळतो. लेसर अन् एलईडीवाल्यांत दिव्यालाच तेवढ्यापुरतं मंद करता येतं. आम्ही तेच मशीनच्या बाहेर केलं, एवढंच.

व्हिडिओ बनवणाऱ्या पोरानं त्याच रात्री कर्व्ह उचलून फाइल दिली, वरून एक दोन आकड्यांचा बारीक ग्रेन (दाणेदारपणा) टाकला म्हणजे उरलेल्या पायऱ्यांच्या कडा पण विरघळतात. पहिल्यांदा चालवली तेव्हा काकांनी डिमरच्या बोर्डवरचे हात उचलले आणि मान वर करून बघत राहिले. चांदणं खरंच पसरत होतं. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो, मुंग्या शोधल्या, पहिल्या तीन चार सेकंदांत होत्या, पण इतक्या मंद की मला माहीत होतं म्हणून सापडल्या.

अडचणी नंतर आल्या. जेलची शीट अर्ध्या तासात मधोमध फुगली आणि फोकस जरा ढिला व्हायला लागला. पाच हजार ल्युमेन म्हणजे पंधरा एक वॅटचा निव्वळ उजेड, त्यातला आठातला सात भाग ती शीट पिऊन गरम होते, थंडीच्या दिवसांत सुद्धा. बर्डीतून ७७ मिलिमीटरचा काचेचा एनडी ८ फिल्टर आणला, कॅमेऱ्यावर लावतात तो. लेन्सला चिकटवला नाही, दोन बोटं लांब ठेवला म्हणजे हवा खेळते, आणि किंचित तिरका, नाहीतर काचेवरून परत येणारा उजेड लेन्समध्ये शिरून चंद्राला जुळा भाऊ पैदा होतो. हे मी आधी सरळ लावून, दोन चंद्र बघूनच शिकलो.

आणि फिल्टर फक्त त्या सीनला हवा, बाकी नाटकात दिवसाचे सीन आहेत. मोटर वगैरे लावायला वेळ नव्हता. पडद्याच्या ॲल्युमिनियम चॅनलमध्ये प्लायवूडची चौकट सरकवली, तिच्यात काच, आणि बाजूला स्टुलावर ग्रुपमधला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा पोरगा. त्याचं काम एकच, ब्लॅकआउट झाला की सरकव. पूर्ण तालमीत सगळे त्याला ‘ए फिल्टर’ म्हणूनच हाक मारत होते.

मोबाईलवरचे पट्टे राहिले. ते दोष नाहीतच, रंग एकामागून एक येतात आणि कॅमेरा मधेच झडप टाकतो. फोन स्लो मोशनला लावून ताईंना पडद्याचा पांढरा भाग दाखवला, त्यात कुठं पांढरं नव्हतंच, नुसते रंग एकमेकांच्या मागे पळत होते. "म्हणजे आपण जे पाहून राहिलो ते तिथं नाहीच?" असं त्या बराच वेळ म्हणत होत्या. शूटिंगवाला २५ फ्रेमवर शूट करणार होता, म्हणून लॅपटॉपचं आउटपुट ६० चं ५० हर्ट्झ केलं आणि त्याला शटर १/५० वर बांधून ठेवायला सांगितलं. कॅमेऱ्याची एक झडप म्हणजे बरोबर एक पूर्ण फ्रेम, सगळे रंग, सगळी वजनं आत. पट्टे गेले. प्रेक्षकांच्या मोबाईलचं काही करता येत नाही, ते येणारच.

स्पर्धेच्या दिवशी मी मागे मशीनजवळ उभा होतो. चांदण्याचा सीन झाला, म्हातारीचं बोलणं झालं, ब्लॅकआउट, आणि पुढचा दिवसाचा सीन आला तो संध्याकाळसारखा. फिल्टर पोरगा म्हातारीत रमून गेला होता, डोळे पुसत होता. मी लाथ मारली तेव्हा त्यानं चौकट सरकवली आणि स्टेजवर भर दुपारी चार सेकंदांत ऊन आलं. परीक्षकांपैकी एकानं नंतर ताईंना विचारलं म्हणे, ते ढग बाजूला झाल्याचं मुद्दाम केलं होतं का. ताई हो म्हणाल्या.

दोन दिवसांनी मशीन परत आणायला गेलो, भाड्याचं बिल दिलं. ताईंनी चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाल्या, "भाऊ, पाच हजाराचा मशीन म्हणून लिहिलं तुम्ही. नाटकाचा जीव तं त्या चांदण्यातच होता, अन् तिथं वापरलं किती आपण? आठवा हिस्सा, म्हणजे सव्वासहाशे. मंग भाडं पण त्याच हिशोबानं लावा ना."